नेरेइदा बोलत नाही

ग्वायमासच्या बंदरावर कोळंबी सोलणाऱ्या बायकांत फिदेन्सियाइतकी बडबडी दुसरी कुणी नव्हती. हात चालू, तोंडही चालू. त्यामुळे तिची अडीच वर्षांची पोर अजून बोलत नाही हे कळल्यावर बायकांना आयतीच संधी मिळाली. "अगं, तू त्या पोरीला मध्ये बोलायला जागा तरी देतेस का?" फिदेन्सिया त्यांच्याबरोबर खदाखदा हसायची. घराकडे चालायला लागली की मात्र ते हसू मावळायचं.

नेरेइदाला ऐकू स्वच्छ येत होतं. 'बाबांची चप्पल आण' म्हटलं की नेमकी चप्पलच आणायची. पण तोंडातून निघायचे ते मोजके शब्द, तेही अर्धेमुर्धे. 'आग्वा' म्हणजे पाण्याला 'अबा'. कोंबडीचं पिल्लू, कबूतर, धक्क्यावरचे पेलिकन, पंख असलेलं झाडून सगळं 'पिओ'. बाकीचं बोट दाखवून, आणि ते कुणाला कळलं नाही की जमिनीवर लोळण. शेजारची तिच्याच वयाची पोर एव्हाना आईशी भांडायला लागली होती.

नवरा लासारो हंगामभर बोटीवर. घरी सासू, एदुविजेस. सुनेच्या कामाच्या वेळात नात तिच्याच अंगाखांद्यावर असायची.

"माझा लासारोसुद्धा असाच मुका होता," सासू सांगायची. "तोंडाशी कोंबडीचं पिल्लू धरलं, ते आत चिवचिवलं, आणि पोराला वाचा फुटली. गल्लीतल्या कुणालाही विचार."

"आई, माझ्या पोरीला असलं काही करायचं नाही. सांगून ठेवते."

"आणि तुझी ती मिरेया काय करते गं? आरसा धरून वाकुल्याच दाखवते ना?"

मिरेया आरोग्य केंद्रात मुलांना बोलायला शिकवायची. नेरेइदाला मांडीवर घेऊन आरशात नाक दाखव, तोंड दाखव, असे खेळ चालायचे. तिने फिदेन्सियाला बजावलं होतं, "ताई, 'म्हण, म्हण' करून तिच्या मागे लागू नका. जे करताय ते थोडक्यात बोला आणि मग गप्प बसा. तिला वेळ द्या."

गप्प बसणं! फिदेन्सियाला त्यापेक्षा दिवसभर कोळंबी सोलणं परवडलं असतं.

"पण बोलेल ना?" तिने विचारलं होतं.

"बरीच मुलं पुढे बरोबरीच्यांना गाठतात. काही मागे राहतात. ही कुठली, ते मला आज सांगता येणार नाही. दोन शब्द जोडून बोलली की मला जरा धीर येईल."

एका संध्याकाळी फिदेन्सिया कामावरून आली तर पोर कोपऱ्यात मुसमुसत होती. लाळ गळत होती. तोर्तिया पोळीचा तुकडा पुढे केला, तिने तोंड फिरवलं. पाण्याचा पेला हाताने उडवून दिला. अंग कोमट लागलं.

"दाढा येत असतील," सासू चुलीकडे तोंड करून म्हणाली.

सकाळी ताप चांगलाच चढला होता आणि ओठ सुकले होते. पाण्याचा थेंब पोटात नाही. दोघी तिला घेऊन दवाखान्यात धावल्या. डॉक्टरांनी तोंड उघडायला पाहिलं तर पोरीने दात घट्ट आवळले आणि किंकाळी फोडली.

"पडली का? काही गिळलं? घड्याळातला सेल, नाणं?"

"मी कामावर होते. आई, काही गिळलं का हिने?"

सासूने नकारार्थी मान हलवली. जपमाळेचे मणी तिच्या बोटांत भराभर फिरत होते.

"सेल गिळला असेल तर वेळ घालवून चालणार नाही. एर्मोसियोच्या मोठ्या इस्पितळात हलवावं लागेल," म्हणत डॉक्टरांनी फोन उचलला.

फिदेन्सियाचा धीर सुटला. "कुठे दुखतंय, राणी? पोटात? कानात? सांग ना! पोटात का?" एकामागून एक प्रश्न, आणि पोर आणखीच कळवळून रडू लागली. मग फिदेन्सियाने ओठ मिटले. ती खाली फरशीवर बसली, पोरीच्या डोळ्यांसमोर. "दुखतंय," एवढंच म्हणाली आणि थांबली. वर डॉक्टर अँब्युलन्सचं बोलत होते. सगळं अंग 'ओरड' म्हणत होतं, तरी ती थांबली.

पोरीचं रडणं हुंदक्यांवर आलं. तिने आजीकडे पाहिलं.

"पिओ."

डॉक्टरांनी खिडकीबाहेर नजर टाकली. पक्षी वगैरे काही नव्हता.

"पिओ," पुन्हा. मग तिने ओठांवर बोट टेकवलं. "ओका. पिओ ओका."

'बोका' म्हणजे तोंड. आरशासमोर ते मिरेयाने शंभरदा म्हटलं होतं, पोरीने एकदाही नाही. फिदेन्सियाने सावकाश मागे वळून पाहिलं.

"आई?"

म्हातारीचा बांध फुटला. "एकदाच धरलं गं पिल्लू तिच्या तोंडाशी! ते मेलं घाबरलं, हातातून सटकलं, तोंडातच नखं मारली. थोडंसंच रक्त आलं. मला वाटलं, सकाळपर्यंत बरं होईल."

डॉक्टरांनी फोन ठेवला. आता कुठे पाहायचं ते त्यांना कळलं होतं. नर्सने धरलं, पोर किंचाळली, पण दिसलं: टाळूवर खोल ओरखडा, सुजलेला, पू धरलेला. सलाईन लागलं, इंजेक्शन झालं. दुपारनंतर नेरेइदाने चमच्याने पाणी घेतलं.

बाहेरच्या बाकावर सासू पदराएवढ्या रुमालात तोंड लपवून बसली होती. फिदेन्सिया तिच्यापुढे उभी राहिली. "तुम्ही तिच्यासाठी केलंत, हे कळतं मला. पण ती तापाने फणफणत होती, मी तुम्हाला विचारत होते, आणि तुम्ही गप्प राहिलात. शेवटी सांगितलं तिनेच."

त्यानंतर कित्येक दिवस घरात फक्त भांडी वाजली. लासारो परतला, आधी आईची बाजू घेऊन भांडला, मग पोरीचं तोंड उघडून पाहिलं आणि अंगणात जाऊन बसला.

मिरेयाला ते दोन शब्द ऐकून आनंद झाला, पण तिने खोटी आशा दाखवली नाही. "जोडायला लागली, हे चांगलं. पण अजून बरीच मागे आहे." तसंच झालं. शब्द आले, सावकाश, मोडके. फिदेन्सियाने कामाच्या वेळा बदलून घेतल्या. पोरीला सासूजवळ एकटं ठेवणं तिच्याच्याने पुढे कधी झालं नाही. सासूनेही ते मागितलं नाही. एक दिवस ती आपणहून मिरेयाकडे आली आणि नातीशेजारी आरशासमोर बसली.

बालवाडीच्या पहिल्या दिवशी बाईंनी नाव विचारलं. "नेनेदा," पोर म्हणाली. बाईंना कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. फाटकाबाहेर फिदेन्सियाच्या ओठांवर नाव आलं होतं. तिने ते गिळलं आणि गजाला धरून उभी राहिली.