भावोजींचं हॉलंड

माझ्या भावोजींना या जगात सगळं जमतं, फक्त हळू बोलणं जमत नाही. ते नारळ एका घावात फोडतात, अडलेलं कुलूप केसांच्या पिनेने उघडतात, कुणाचंही रडणारं मूल हसवतात. पण जरा कुजबुजा म्हणून सांगा, की संपलं. लहानपणी साताऱ्याला त्यांच्या घराखाली पिठाची गिरणी होती, त्यामुळे त्या घरात 'मीठ दे' हेसुद्धा गिरणीच्या वरताण आवाजात सांगावं लागे. पुढे गिरणी बंद पडली, पण ही बातमी भावोजींच्या गळ्याला कुणी कळवली नाही. ताईच्या लग्नात सप्तपदीच्या वेळी ते तिच्या कानात काहीतरी गोड बोलायला वाकले आणि मांडवात शेवटच्या रांगेत बसलेल्या आमच्या आत्या लाजल्या.

अशा माणसाला त्यांच्या बँकेने कुठे पाठवावं? टोकियोला! जिथे गाडीत माणसं एकमेकांच्या पायांवर उभी असतात आणि तरी घड्याळाची टिकटिक ऐकू येते, तिथे. गाडीत फोनवर बोलायचं नसतं, हे भावोजींना पहिल्याच आठवड्यात कळलं आणि त्यांनी ते मनापासून पाळलं. फोन आला की उचलायचे आणि सांगायचे, "मी गाडीत आहे, इथे फोनवर बोलायला बंदी आहे!" हे ते इतक्या कळकळीने सांगत, की पलीकडच्या डब्यातली माणसंही आपापले फोन खिशात टाकत. त्यांची लेक अनू तिथल्या बालवाडीत जायची. ती घरी सगळी उत्तरं जपानीत द्यायची आणि दिवसातून पन्नास वेळा बापाला म्हणायची, "बाबा, उरुसाई!" म्हणजे बाबा, केवढा गोंगाट! भावोजी कौतुकाने आम्हाला सांगायचे, "बघ, पोरगी कशी फाडफाड जपानी बोलते."

हे बिऱ्हाड टोकियोलगत उरायासुला दहाव्या मजल्यावर होतं. मोठा भूकंप झाला तेव्हा ताई आणि अनू दोघीच घरात होत्या. कपाटं आडवी झाली, लिफ्ट बंद पडली, आणि लेकीला कडेवर घेऊन ताई जिने उतरून खाली आली तर रस्त्याच्या भेगांतून चिखल वर येत होता. समुद्रात भर घालून केलेली ती जमीन, तिचं पाणी झालं होतं. ताई काही भित्री नाही, पण त्या दिवसापासून बसची नुसती धडधड झाली तरी ती अनूचा हात घट्ट धरायची. शेवटी ती लेकीला घेऊन पुण्याला आईकडे गेली आणि तिथून तिने भावोजींना स्पष्ट सांगितलं, "दार उघडलं की पायाला जमीन लागेल, खरीखुरी डोंगराची जमीन, असं घर मिळालं तर मी येईन. नाहीतर तुमची बदली होईपर्यंत आम्ही दोघी इथेच." बदलीला अजून वर्षं होती. भावोजींनी हे मला हसत हसतच सांगितलं, पण त्या दिवशी आमच्याकडे जेवताना त्यांनी आमटी परत मागितली नाही. भावोजी आणि एकाच वाटीवर थांबले!

मी आणि माझा नवरा तेव्हा टोकियोजवळच कावासाकीला राहत होतो. मला जपानी बऱ्यापैकी यायचं, म्हणून दर रविवारी भावोजी सकाळीच हजर होत आणि मला दुभाषी म्हणून घेऊन घरं बघायला निघत. घरं भाड्याने लावून देणाऱ्या दुकानाला जपानीत 'फुदोसान' म्हणतात. भावोजींची समजूत अशी, की त्या एजंटाचं नाव फुदो, आणि सान म्हणजे आपलं साहेब. ते पहिल्या एजंटाला फुदो-सान म्हणाले, दुसऱ्याला फुदो-सान म्हणाले. तिसऱ्या दुकानाच्या पाटीवरही तेच वाचून दाखवल्यावर मला म्हणाले, "काय गं, आपल्याकडे जोशी तसे इथे फुदो दिसतात. गावभर पसरलेत." मी खुलासा केला. पण इतके दिवस हाक मारलेल्या माणसाचं आडनाव असं एकदम काढून घेणं बरं दिसत नाही, म्हणून ते शेवटपर्यंत फुदो-सानच म्हणत राहिले. एजंटही बिचारा ओ देत राहिला.

घर पारखायची त्यांची रीत तर बघण्यासारखी. उरायासुला भूकंपानंतर कितीतरी घरं कलली होती, म्हणून जमीन सपाट आहे की नाही हे तपासायला ते खिशात अनूची गोटी ठेवत. एका घरात ती गोटी जी घरंगळली ती कपाटाखाली गेली आणि परत मिळाली नाही. भावोजींनी इकडेतिकडे पाहिलं, मग माझ्या डब्यातला बेसनाचा लाडू काढला आणि खोलीच्या मधोमध ठेवला. फुदो-सान पायमोजे घालून अदबीने उभे होते. दोन प्रौढ माणसं खाली बसून एका लाडवाकडे टक लावून बघताहेत, तेव्हा हा काहीतरी पूजेचा प्रकार असावा असं वाटून त्यांनीही हात जोडले. लाडू हळूच खिडकीकडे सरकला. "घर वाकडं आहे," भावोजींनी निकाल दिला आणि लाडू फुंकून खाऊन टाकला. त्यानंतर दर रविवारी मला ताजे लाडू वळावे लागत. ताईसाठी म्हणून मी वळतही होते, पण बेसन भाजून भाजून माझा हात मोडायची वेळ आली.

आणि मग हॉलंड सापडलं. स्टेशनपासून डोंगरावर चढत गेलं की एक हिरवीगार, छोट्या छोट्या घरांची वस्ती लागते. ती बांधताना बिल्डरला काय हुक्की आली कोण जाणे, त्याने तोंडाशीच एक पवनचक्की उभी केली आणि विटांच्या रस्त्याच्या कडेला ट्यूलिप लावले. पवनचक्की कधी फिरली नाही, पण वस्तीला सगळे 'ओरांदा' म्हणजे हॉलंडच म्हणतात. तिथे एक बैठं घर रिकामं होतं. पुढे अंगण, अंगणात टोमॅटोसारख्या केशरी फळांचं पर्सिमनचं झाड, मागे डोंगर. लाडू जिथे ठेवला तिथून केसभर हलला नाही. भावोजींनी बूट आणि मोजे काढून अंगणातल्या मातीवर पाय रोवले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

पण घराची मालकीण शेजारीच राहायची. सत्तरी ओलांडलेली, एकटी, चिमणीएवढी आजी. फुदो-सान भावोजींकडे बघत म्हणाले, "ही वस्ती अतिशय शांत आहे." मी भाषांतर केलं. भावोजी म्हणाले, "अहो, आम्हालाही शांतताच आवडते!" झाडावरचा कावळा उडाला. आजी दचकून एक पाऊल मागे सरल्या, मान तिरकी केली, दातांतून हवा आत ओढली आणि म्हणाल्या, "चोत्तो..." आणि पुढे काहीच बोलल्या नाहीत.

चोत्तो म्हणजे थोडंसं. "बघ, थोडंसंच अडलंय," भावोजी खूश होऊन म्हणाले. मी परतीच्या वाटेवर कपाळाला हात लावला. "भावोजी, जपानी माणूस चोत्तो म्हणून गप्प बसला की त्याचा अर्थ नाही. चक्क नाही. आपण कसं 'बघू' म्हणतो, तसं."

"मग झालं तर!" भावोजी म्हणाले. "बघू म्हणणारा माणूस चार वेळा विचारलं की हो म्हणतो. तुझ्या ताईलाच विचार, माझ्या 'बघू'वर तिला किती वेळा विचारावं लागतं ते."

पालथ्या घड्यावर पाणी. त्याच उत्साहात त्यांनी पुण्याला फोन लावला, तो आमच्या आईने उचलला. "आई, हॉलंडमध्ये झकास घर बघितलंय!" एवढं ओरडून भावोजी गाडीत शिरले आणि नियमाप्रमाणे फोन बंद केला. झालं! तासाभरात ताईचा मला फोन. "अगं, मी जमिनीवरचं घर म्हटलं तर हे देशच सोडून निघाले! बायकापोरांना न विचारता हॉलंड?" मी समजावेपर्यंत आईने ही बातमी अख्ख्या सोसायटीत पोचवली होती, आणि तळमजल्यावरच्या काकूंनी तिकडून येताना चीज आणायला सांगितलं होतं.

मग दर रविवारी आमची हॉलंडवारी सुरू झाली. भावोजी बेल वाजवायचे, कमरेत वाकायचे, लाडवाचा डबा पुढे करायचे आणि घराबद्दल विचारायचे. आजी डबा घ्यायच्या आणि म्हणायच्या, "चोत्तो..." मी शरमेने ट्यूलिप मोजत बसायची. त्यात भावोजींनी, माणूस आपला वाटावा म्हणून, त्यांना मराठीतच हाक मारायला सुरुवात केली. "आजी-सान! कशा आहात आजी-सान?" हे संबंध गल्लीत ऐकू जायचं. आता 'आजी' हा जपानीत एक मासा आहे, आपल्या बांगड्यासारखा. म्हणजे हा सहा फुटी गृहस्थ दर रविवारी त्या खानदानी बाईंच्या दारात उभा राहून 'ओ बांगडाबाई!' म्हणून बोंबलत होता. मला कळलं तेव्हा धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, पण हा विनोद त्या दिवसांत मोठ्याने करायची सोय नव्हती. मी आजींची हात जोडून माफी मागितली, आजी म्हणजे आमच्यात आईची आई, असं सांगितलं. त्यांनी तोंडावर हात धरला, खांदे हलायला लागले. "बांगडाच," त्या म्हणाल्या, "पण या वयात सुका."

त्याच रविवारी त्यांनी पहिल्यांदा एक प्रश्न विचारला. तुम्ही तर एकटेच दिसता, मग तुम्हाला अंगणाचं घर कशाला?

मी भाषांतर करणार एवढ्यात भावोजींनी मला हाताने थांबवलं. त्यांना प्रश्न कळला होता. आपल्या मोडक्यातोडक्या जपानीत ते म्हणाले, "बायको... घाबरते. मुलगी... लहान. दोघी दूर." आणि पायाखालच्या मातीकडे बोट दाखवून म्हणाले, "इथे... येतील." हे ते इतकं हळू म्हणाले, की मला पुढे वाकून ऐकावं लागलं. इतक्या वर्षांत मला ठाऊक नव्हतं, की या माणसापाशी असाही एक आवाज आहे.

आजींनी त्या मातीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "चोत्तो..."

संपलं! मी डोळे पुसले, लवून नमस्कार केला आणि भावोजींची बाही ओढून गेटाकडे वळले. "चला भावोजी, नाही म्हणाल्या."

"थांब गं, त्यांचं पुरतं बोलून होऊ दे," भावोजी जागचे हलले नाहीत.

"...माते कुदासाई," आजींनी वाक्य पुरं केलं. थोडं थांबा. त्या आत गेल्या आणि किल्ली घेऊन बाहेर आल्या. जपानी येणारी मी गेटापर्यंत पोचले होते आणि जपानी न येणारे भावोजी दारात किल्ली घेऊन उभे होते. आयुष्यभर मला ऐकवायला त्यांना एवढं पुरलं.

ताई आली. चपला काढून अंगणात उभी राहिली, दोनदा पाय आपटून पाहिले आणि म्हणाली, "घर वाकडं तर नाही ना?" भावोजींनी लाडू आणला. पुढची वर्षं त्या घरात सुखाची गेली. आजींची एकच अट होती, फोन अंगणात घ्यायचा नाही. म्हणून भावोजी फोन आला की धावत पवनचक्कीपाशी जात आणि तिथून पुण्याशी बोलत. वस्तीतली मुलं म्हणायची, हे काका बोलतात तेव्हा पाती फिरतात. अनूने 'उरुसाई' म्हटलं की आता शेजारून आजीही 'उरुसाई' म्हणून हसत. दोघींची त्यात छान गट्टी जमली होती.

शेवटी बदली झालीच. आता ती तिघंही पुण्याला आहेत आणि त्या घरात एक तरुण जोडपं राहतं, इतकं शांत, की त्यांच्या दाराचाही आवाज येत नाही. परवा रविवारी मी लाडू घेऊन गेले तेव्हा आजी अंगणातली पानं झाडत होत्या. मी म्हटलं, "आता बरं वाटत असेल ना, केवढी शांतता आहे." त्यांनी शेजारच्या घराकडे पाहिलं, मान तिरकी केली आणि म्हणाल्या, "शांतता... चोत्तो..."

मला राहवलं नाही. मी अंगणातच पुण्याला फोन लावला आणि त्यांच्यापुढे धरला. "आजी-सान!" सगळ्या गल्लीने ऐकलं. समोरच्या खिडकीचा पडदा हलला. आजी तोंडावर हात धरून हसल्या, हसता हसता त्यांनी पदर असता तर डोळ्यांना लावला असता, तशी बाही लावली आणि मला म्हणाल्या, "विचार ना, परत कधी येणार."

मी विचारलं. पलीकडून भावोजी म्हणाले, "बघू." अगदी हळू, अंगणात म्हणाले होते तसं.

फोन ठेवल्यावर आजींनी विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, "चोत्तो..."

त्यांनी मान हलवली, झाडू उचलला, लाडवाचा डबा माझ्या हातातून घेतला. "ते दर रविवारी यायचे ना विचारायला," त्या म्हणाल्या. "मग आपणही पुढच्या रविवारी परत विचारू."