औशाचा पाहुणा

नांदेडात माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे, आणि मी खोटं बोलतो असं सगळं नांदेड म्हणतं. हे खरं नाही. मी खोटं बोलत नाही, वाढवून सांगतो. माझ्या दुकानात उघडलेल्या मशिनींतून जेवढी धूळ निघाली तेवढी एका जागी टाकली असती तर गोदावरीला वळसा घालून जावं लागलं असतं. एका कीबोर्डातून मी सव्वा किलो शेंगांची टरफलं काढली. एका सीपीयूत उंदरीण सहा पिलांसकट संसार करत होती; त्यातली दोन पिलं पुढं शिकली आणि तहसीलला चिकटली. यातली उंदरीण खरी आहे.

लोकांना हे ठाऊक आहे. माझं बोलणं कानावर पडलं की माणूस आपोआप त्यातले बारा आणे दुकानातच ठेवतो आणि चार आणे घरी नेतो. वीस वर्षं मला या हिशेबाचा अभिमान होता. आता नाही. त्या हिशेबात माझ्या काकूचे गुडघे गेले.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. लातूरला राहतात, हयातभर शाळेत गणित शिकवून रिटायर झालेले. काकू देगलूरकडची, त्यामुळं बोलता बोलता मध्येच तेलुगू टाकते. तिचे दोन्ही गुडघे झिजलेले. खुर्चीतून उठून स्वयंपाकघरात जायला तिला इतका वेळ लागायचा की मी म्हणायचो, "काकू, तू उठलीस तेव्हा तूर पेरून राहिले होते, तू पोचलीस तोवर डाळ शिजली." ती हसायची. हसताना दोन्ही मांड्या हातांनी दाबून धरायची.

गुडघे बदलायचं ठरलं होतं. दवाखान्यानं दिवाळीनंतरची तारीख दिली होती. काकांनी फंडाच्या पैशातून त्यासाठीची रक्कम वेगळी काढून बँकेत ठेवली होती, आणि ती बँक काकांच्या मशीनवर उघडायची. ते मीच शिकवलं होतं. मशीनही माझ्याच दुकानातलं. काकांना ते बँकेसाठी नको होतं, त्यांना भावकीची यादी करायची होती. कोण कुणाचा कोण, कुणाची पोरगी कुठं दिली, कुणाचा मामा कुठला. बीदरपासून किनवटपर्यंतचा एकही पाहुणा त्यांनी सोडला नव्हता.

मशीन लावून दिलं त्या दिवशी मी त्यांना एकच गोष्ट बजावली. "पडद्यावर कितीही बोंब उठली, कुणी कितीही गोड बोललं, तरी फोनवरच्या माणसाला मशीनमध्ये घ्यायचं नाही. तो सांगेल ते ॲप टाकायचं नाही, आकडे सांगायचे नाहीत. सरळ वायर उपटायची." इथं थांबायला हवं होतं. पण माझी जीभ थांबते कुठं. मी इस्लापूरची गोष्ट लावली.

"तिकडं धबधब्याच्या बाजूला एका माणसानं असाच फोन लावला, काका. पडद्यावरचा बाण आपोआप हलायला लागला. बाणानं आधी खातं धुतलं. मग सातबारा काढून शेत विकलं. मग म्हशीला बाजार दाखवला. आणि जाता जाता त्याच्या पोरीची सोयरीक नको त्या घरात जमवून टाकली."

काकांच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून. "म्हैस कितीला गेली?"

काकू म्हणाली, "म्हशीचं राहू द्या. पोरगी सुखात हाय का?"

खरी गोष्ट एवढीच होती की इस्लापूरच्या त्या माणसानं एका आवाजाला मशीनमध्ये घेतलं आणि त्याचं खातं रिकामं झालं. मग तो माझ्या दुकानात मशीन घेऊन आला आणि अर्धा तास स्टुलावर बसून राहिला, एक शब्द बोलला नाही. ते मी काकांना सांगितलं नाही. त्यात मजा नव्हती.

त्यानंतर काही महिन्यांनी, एका दुपारी, काका यादीतल्या कुणाचं तरी गाव शोधत होते. कुठंतरी बोट पडलं आणि पडदा लाल झाला. भोंगा वाजायला लागला. एक बाई हिंदीत सांगायला लागली की मशीन बंद करू नका, सगळं जळून जाईल, खालच्या नंबरवर फोन करा. असा लाल पडदा म्हणजे नुसतं एक पान असतं. भिंतीवर चिकटवलेल्या जाहिरातीइतकीच त्याची ताकद. पण भोंगा वाजत असताना हे कुणाला आठवतं. काकांनी नंबर लावला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून फोन स्पीकरवर होता, आणि शेजारच्या खुर्चीत काकू होती. पुढचं सगळं तिनं मला शब्दाशब्दानं सांगितलं.

"सर, आपका कंप्यूटर हैक हुआ है. घबराइए मत."

"घाबरत न्हाई मी. तुम्ही कुठून बोलून राहिले?"

"हेड ऑफिस से, सर."

"ते असू द्या. मूळ गाव कोणतं?"

"महाराष्ट्र, सर."

"महाराष्ट्र लई मोठा हाय. आमच्या लातूरकडचे का?"

"हां सर. लातूर साइड."

"बोलण्यावरून वाटलंच मला. औसा?"

"जी, औसा."

काकू मला म्हणाली, "बोलण्यावरून कसं वाटलं देव जाणे. तो तर सगळं हिंदीत बोलून राहिला होता."

आमच्याकडं एस.टी.त शेजारी माणूस बसला की आधी गाव, मग आडनाव, मग आजोळ, असं खोदत जायचं. नातं लागल्याशिवाय तिकिटाचे सुटे कुणी कुणाला देत नाही. आणि एकदा नातं लागलं की मग शंका घेणं म्हणजे वाईट वागणं. काकांनी स्वतःच एक आडनाव सुचवलं. पलीकडून होकार आला. काकांनी विचारलं, मग तुझी आई निलंग्याची असणार. हां, मम्मी निलंगा की. काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि यादी डोक्यातल्या डोक्यात वर-खाली केली.

"अरे लेका, मग तू आमच्या मावसबहिणीच्या जावेचा नातू लागतोस."

"जी, काका," तो म्हणाला.

सरचे काका व्हायला चार मिनिटं लागली. त्या माणसाला खोटं बोलायची तसदीसुद्धा घ्यावी लागली नाही. सगळा माल काकांनी पुरवला, त्यानं नुसता होकार दिला. मी एवढा बोलबच्चन माणूस, पण इतक्या कमी शब्दांत इतकं मोठं काम मला आयुष्यात जमलेलं नाही.

मग त्यानं एक ॲप टाकायला लावलं. पडद्यावर नऊ आकडे आले. काकांनी ते वर्गात हजेरी घ्यावी तसे खणखणीत वाचून दाखवले. बाण आपोआप हलायला लागला.

"अहो, तो बाण कोण हलवून राहिलंय?" काकू म्हणाली.

"आपलाच पोरगा हाय. दुरुस्त करून राहिला."

"मग बँक कशाला उघडली त्यानं?"

"तिथं किडा गेला का बघतोय."

"नांदेडला एक फोन लावा म्हणते मी."

काकांनी वैतागून काकूचा मोबाईल घेतला आणि मला फोन लावला. दुकानात चार गिऱ्हाईकं होती आणि मी त्यांना उंदरणीचं दुसरं बाळंतपण सांगत होतो.

"अरे, मशीन बिघडलं होतं. औशाचा एक पाहुणा दुरुस्त करून राहिला. तुझी काकू खामखा बेजार करतेय म्हणून विचारतो. बाण आपोआप हलला तर चालतं का?"

अशा वेळी शहाणा माणूस काय बोलतो? तीन शब्द बोलतो. मी काय बोललो ते ऐका. "काका, वायर उपटा. भिंतीसकट उपटा. न्हाई तर खातं जाईल, घर जाईल, काकूच्या अंगावरचं लुगडं जाईल."

काका हसायला लागले.

"आणि म्हैस?"

"काका, मी खरं सांगतोय."

"तू कधी खोटं सांगितलंस, बाबा. ठेवतो. पाहुण्याला ताटकळत ठेवलंय."

दुकानातली चार गिऱ्हाईकंही हसत होती. त्यांना वाटलं, हाही त्याच गोष्टीतला भाग आहे.

मी पुन्हा लावला. फोन बंद. 'काम संपेपर्यंत घरातले बाकीचे फोन बंद ठेवा,' असं पाहुण्यानं सांगितलं होतं. मी शटर अर्धं ओढलं आणि मिळेल ती एस.टी. धरली. तक्रारीचा सरकारी नंबर असतो हे मी शेकडो गिऱ्हाइकांना सांगितलंय. तो मला स्वतःला आठवायला वाटेतलं लोहा गाव यावं लागलं. त्यांनी खात्याचा नंबर विचारला. तो माझ्याकडं नव्हता. तो त्या वेळी जगात दोनच माणसांकडं होता, आणि दोघं एकमेकांशी बोलत होते.

लातूरला पोचलो तेव्हा काका प्रसन्न होते. पडदा स्वच्छ. भावकीची यादी जागच्या जागी.

"झालं बघ दुरुस्त," ते म्हणाले. "मजुरीसुद्धा घेतली न्हाई पोरानं."

मी खातं उघडलं. गुडघ्यांसाठी ठेवलेलं त्यात काही नव्हतं. काकूनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि पदर गुडघ्यांवर ओढून घेतला.

पुढं जे होतं ते झालं. बँकेत अर्ज, ठाण्यात अर्ज, अर्जाच्या झेरॉक्स. ठाण्यातला साहेब भला माणूस होता. म्हणाला, "मास्तर, शिकलेली माणसंच जास्त फसतात." काकांनी त्याला गाव विचारलं. तपास चालू आहे, असं आम्हाला प्रत्येक खेपेला सांगण्यात आलं, आणि खेपा वाढत गेल्या तसं ते वाक्य आखूड होत गेलं. शेवटी नुसती मान हलायला लागली.

काकांनी मात्र एक धरून ठेवलं. पोरगा आपला आहे. मधल्या कुणीतरी डाव साधला. एका रविवारी ते मला घेऊन औशाला गेले. त्या आडनावाची तीन घरं निघाली. तिन्ही घरी चहा झाला. तिन्ही घरी सांगितलं, असा पोरगा आमच्यात नाही.

"मोठ्या घरात एखादा राहून जातो नजरेतून," काका म्हणाले.

"आमचं घर मोठं न्हाई हो, मास्तर. चार माणसं हावोत," तिसऱ्या घरची म्हातारी म्हणाली.

परत येऊन काकांनी यादीत अकरा नवी नावं चढवली. तो पोरगा होताच, औशाच्या फांदीवर, मावसबहिणीच्या जावेच्या खाली. मी ते नाव खोडा म्हणालो तर काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

दिवाळी गेली, तारीख गेली. दवाखान्यातून फोन आला तेव्हा काकूनंच घेतला. "सरे, सरे," असं तेलुगूत बरं-बरं म्हणाली, "दुसऱ्या कुणाला द्या." आता ती सकाळी एकदा खुर्चीत बसली की जेवायलाही तिथंच. तुरीची गोष्ट मी पुन्हा सांगितली नाही.

दुकानात मी वाढवून सांगणं सोडलं. कुणी मशीन घेऊन आलं की मी म्हणतो, फोनवरच्या माणसाला आत घेऊ नका. गिऱ्हाईक जरा थांबतं, पुढं काय म्हणून बघतं. पुढं काही नसतं. मग ते पावती घेऊन निघून जातं, आणि मला दिसतं की ते चार आणेसुद्धा त्यानं टेबलावरच ठेवलेत.

गेल्या महिन्यात काकांचा फोन आला. आवाजात पालवी फुटलेली.

"त्याचा फोन आला होता. औशाच्या पोराचा."

"काय म्हणतो?"

"पैसे सापडले म्हणतो. परत टाकायचे हायेत. पेन्शनच्या खात्याचा एक आकडा येईल मोबाईलवर, तेवढा सांगा म्हणाला. काकूचे गुडघे आधी करून टाका म्हणाला. मी सांगितलं होतं त्याला मागं, ध्यानात ठेवलं पोरानं."

मी एक श्वास घेतला. "काका, देऊ नका. तो चोर आहे."

"एवढंच?"

"एवढंच."

"तुला बरं न्हाई का रे? आवाज बसल्यासारखा वाटून राहिला."

"बरा आहे मी. काका, आकडा देऊ नका."

"हाव, हाव. सुंठीचा काढा घे. पड जरा. ठेवतो, त्याचा फोन येऊन राहिला."

मी लगेच उलटा लावला. काका दुसऱ्या फोनवर होते. पुन्हा लावला. तेच. मग काकूचा लावला. तिचा मोबाईल आतल्या खोलीत कपाटावर चार्जिंगला असतो, आणि ती बाहेरच्या खोलीत खुर्चीत. घंटी वाजायला लागली. मी ती पूर्ण वाजू दिली. बंद पडली. परत लावला, परत वाजू दिली. आता ती हातांवर जोर देऊन उठत असेल, आता उंबऱ्यापाशी आली असेल, असं मोजत मी दुकानात उभा होतो. बंद पडली. परत लावला.