रिक्षात धावतं, जिन्यावर बसतं

मुलांनो, आजीने डॉक्टरांना फसवलं असं तुमच्या बाबाने तुम्हाला फोनवर सांगितलं म्हणे. बातमी खरी आहे. फक्त ती सांगताना तो मधले भाग गाळतो, आणि भाग गाळल्याने काय होतं हाच या प्रकरणाचा विषय असल्यामुळे मी स्वतः लिहायला बसले आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही ते भरभर वाचलं असतं. पण इंग्रजीत मी आपोआप सभ्य होते, आणि सगळा घोळ त्या सभ्यतेनेच केला. तेव्हा मराठीतच वाचा, हळूहळू वाचा.

आधी धाकटीच्या प्रश्नाचं उत्तर. नाही, आजीला चार्जिंगला लावावं लागत नाही. डाव्या खांद्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, काडेपेटीहून लहान अशी डबी आहे. तिच्यातून तारा हृदयात गेल्या आहेत. हृदयाने ठोका द्यायला उशीर केला की डबी त्याला आठवण करून देते. मी कॉलेजात शेवटच्या बाकांसाठी तीस वर्षं हेच काम केलं, पण मला बॅटरी नव्हती.

दोन वर्षांपूर्वी माझी नाडी फार मंदावली, ओट्याशी उभ्या उभ्या दोनदा शुद्ध गेली, आणि सुरतेला नेऊन ही डबी बसवली. घरी आले तेव्हा गल्लीतली सगळी माणसं मला बघायला आली आणि आता मी नवीकोरी झाले असं जाहीर करून गेली. ज्यांना आयुष्यात साधा रक्तदाब नव्हता त्यांनाही पेसमेकरची संपूर्ण माहिती होती. मीही नवीकोरी व्हायची वाट पाहत राहिले. व्रण भरला, खांदा हलू लागला, चकरा गेल्या. राहिली ती धाप. गच्चीच्या जिन्याला अठरा पायऱ्या आहेत. दहाव्या पायरीवर पाय शिशाचे व्हायचे, श्वास पुरायचा नाही, डोळ्यांपुढे करडं दिसायचं. पाच मिनिटं टेकलं की सगळं ठीक. दुसरी गंमत म्हणजे मी रिक्षात बसून बाजारात जायला निघाले, की काहीही न करता छाती धडधडायची, जणू रिक्षा मीच ढकलते आहे.

नंदुरबारात कुणालाही काहीही झालं की त्याचं कारण तयार असतं: मिरची. हंगामात गावाबाहेरच्या मोकळ्या रानांत लाल मिरची वाळत पडलेली असते आणि वारा सुटला की अर्धं गाव खोकतं. धाप लागली? मिरची. डोळे आले? मिरची. जावई रुसला तरी लोक आधी वाऱ्याची दिशा बघतील. माझ्याकडे रोज धुण्याभांड्याला येणारी बाई माझ्याच वयाची आहे, आणि तिचंही निदान तेच होतं. "मिरचीना ठसका शे बाई, दुसरं काही नही." मला हे निदान फार आवडलं, कारण त्यावर उपाय म्हणजे फक्त खिडक्या लावून घेणं. हंगाम संपला, मिरची पोत्यांत भरून गेली, धाप मात्र राहिली. तरी आम्ही दोघींनी आणखी दोन महिने मिरचीलाच धरून ठेवलं.

आता तुमच्या बाबाचा भाग. त्याने मला एक वही ठेवायला सांगितली होती. त्रास कधी झाला, काय झालं, त्या वेळी मी काय करत होते. दर रविवारी पानाचा फोटो त्याला पाठवायचा. इथपर्यंत ठीक. पण त्याने एक वाक्य जोडलं होतं: "आई, तपासणीनंतरही असंच राहिलं तर आपण घराला कुलूप लावू आणि तू आमच्याकडे ये. या वेळी वाद नको." तुमच्या घरी यायला मला आनंदच आहे. पण तिथे मी पाहुणी असते. चहाची साखर कुठे आहे ते विचारावं लागतं. इथे साखर कुठे आहे ते मला अंधारातही माहीत आहे.

तेव्हा मी वही ठेवली, अगदी रेघा मारून. आणि रविवारी त्या वहीची स्वच्छ इंग्रजी प्रत काढून पाठवू लागले. तीस वर्षं मी मुलांना सारांशलेखन शिकवलं: पुनरुक्ती काढा, तपशील काढा, मजकूर एक तृतीयांश करा. मूळ वहीत असे, "सकाळी साडेदहा, कपडे वाळत घालायला वर गेले, दहावी पायरी, श्वास संपला, करडं दिसलं, बसले." असं आठवड्यातून पाच वेळा. पाच वेळा तेच लिहिणं म्हणजे पुनरुक्ती. प्रतीत त्याचं होई, "क्वचित सौम्य धाप. विश्रांतीने आराम." रिक्षातली धडधड मी संपूर्ण गाळली, कारण बसलेल्या माणसाची छाती धडधडते हे कुणालाही पटलं नसतं. विद्यार्थ्याने असा सारांश केला असता तर मी त्याला पैकीच्या पैकी दिले असते.

सहा महिन्यांच्या तपासणीला तीच प्रत घेऊन मी सुरतेच्या गाडीत बसले. तिथल्या माणसाने छातीवर एक चपटं यंत्र ठेवलं, संगणकावर रेघा पाहिल्या. बॅटरी उत्तम, तारा उत्तम. डॉक्टर भले गृहस्थ. त्यांनी माझा कागद वाचला आणि म्हणाले, "माँजी, कागज भी बढ़िया, पेसमेकर भी बढ़िया. और कोई तकलीफ?" मी म्हटलं, "नाही." इतकी नेटकी रोगी त्यांनी बहुधा पाहिली नव्हती. मी विजयी होऊन परतले.

विजय दहा दिवस टिकला. एके सकाळी ओल्या कपड्यांची बादली घेऊन वर निघाले आणि दहाव्या पायरीवर बसले ती उठेचना. करडं गेलं नाही, काळं झालं. बादली खालपर्यंत घरंगळत गेली. भांडी टाकून बाई धावत आली, माझ्या शेजारी पायरीवर बसली आणि मी डोळे उघडेपर्यंत माझा हात सोडला नाही. मी तिला पहिलं वाक्य काय म्हणाले असेन? "मुलाला सांगू नकोस."

तिने पदराने माझं तोंड पुसलं. मग म्हणाली, "बाई, तुम्हनं सगळं उलटंच शे. रिक्षामा बठेल ऱ्हातस तं छाती धडधड करस, आनि पायऱ्या चढतस तं जीव जास. शिकेल माणूस शेत ना तुम्ही? हाई डागदरले सांगं का?"

मी म्हटलं, "लिहिलंय मी. वहीत आहे."

"वही कोनी वाची?"

 तिथेच ओल्या कपड्यांच्या ढिगात बसून मी तुमच्या बाबाला फोन केला आणि सगळं सांगितलं, पायरीचं, काळोखाचं आणि प्रतीचंही. तो ओरडला नाही, त्यामुळे मला जास्त वाईट वाटलं. म्हणाला, "आजच सुरतेला जा. मी निघतो." बाईने मला एकटीला जाऊ दिलं नाही. स्टेशनपर्यंतच्या रिक्षात ती माझी नाडी हाताने धरून बसली आणि खड्डा आला की माझ्याकडे बघायची.

या वेळी मी मूळ वही दिली, खाडाखोडीसकट, एका पानावर चहाचा डाग होता त्यासकट. डॉक्टरांनी तीन पानं वाचली आणि मला तारा लावून त्यांच्याच जिन्यावर चढवलं. मी कठड्याला धरून, सवयीने, हळू चढले. पडद्यावर ठोके साठ. दहाव्या पायरीवर धाप लागली तरी साठच. मग त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि डबीवर कातडीवरून बोटांनी टकटक केलं. ठोके चढू लागले. मी नुसती बसले होते.

त्यांनी समजावलं ते असं. शरीर किती काम करतं आहे हे माझ्या डबीला दिसत नाही. ती फक्त हादरे ओळखते. हादरे बसले की तिला वाटतं माणूस धावतोय, आणि ती ठोके वाढवते. मी जिना चढते तो एवढ्या नेटकेपणाने, की हादरा नाही, म्हणजे डबीच्या मते मी खुर्चीत. आणि स्टेशन रोडवरची रिक्षा म्हणजे तिच्या मते मी शर्यतीत. दर वेळी खाली झोपवून तपासल्यावर हे कुणाला दिसणार? ते दिसायला मी कधी काय करत होते, ते माहीत हवं. ते मी गाळलं होतं.

डॉक्टर म्हणाले, "माँजी, अगली बार अच्छा लिखा हुआ मत लाना. जो लिखा है वही लाना." शुद्ध हरपली, पाय सुजले, छातीत दुखलं, तर सहा महिन्यांची वाट न बघता त्याच दिवशी यायचं, हेही त्यांनी दोनदा सांगितलं, आणि बाईकडे बघून तिसऱ्यांदा. माझ्यावरचा त्यांचा विश्वास उडाला होता.

थोड्या हादऱ्यालाही ठोके वाढव, पण फार वाढवू नकोस, असं डबीला संगणकावरून शिकवलं, पुढच्या दोन महिन्यांत आणखी दोनदा. तुमचा बाबा पाच दिवस राहिला. त्याने वही पहिल्या पानापासून वाचली, मला जिन्यावर स्वतःसमोर चढवून पाहिलं, आणि जाताना नवी अट घातली: दर रविवारी मूळ पान, आणि माझ्या पानाखाली त्या आठवड्यात बाईने काय पाहिलं ते. ती सांगते, मी लिहिते. ती माझ्याबद्दल काय काय सांगते ते मला शब्दशः लिहावं लागतं, आणि तिच्या मजकुराचा सारांश करायला मला मनाई आहे. कुलपाचा विषय त्याने काढला नाही. मीही काढला नाही.

आता मी अठरा पायऱ्या न बसता चढते. रिक्षात थोडं धडधडतं. दुपारी कारण नसताना थकवा येतो, तो कशाचा हे डॉक्टरांनाही अजून नीट सांगता आलेलं नाही, आणि तो वहीत रोज तसाच लिहिला जातो. मी नंदुरबारलाच, माझ्या घरात राहते.