दुहेरी टाका

बॅगा दुरुस्त करणाऱ्या मामांनी शिवलेला पट्टा पुन्हा कधी तुटत नसे, आणि धंद्याची सगळी बोंब तिथंच होती. जुनी गिऱ्हाइकं रस्त्यावरूनच बॅग उंच करून दाखवत, "मामा, सात वर्षं झाली, टाका जागचा हललेला नाही." मामा मान डोलवत आणि रिकाम्या दुकानात माश्या मारत बसत.

कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारी भाची शेवटी बोललीच, "मामा, तू स्वतःच्या हातानं मागणी मारलीस. आता तरी एकेरी टाका घाल. सहा महिन्यांनी तेच गिऱ्हाईक परत येईल."

मामांना पटलं. दुसऱ्या दिवशी एका बाईंची प्रवासाची बॅग त्यांनी एकेरी शिवून दिली. बाई कोपऱ्यापर्यंत पोचल्या नसतील, तोच मामांच्या जिवाची घालमेल सुरू झाली. बसमध्ये चढतानाच पट्टा तुटलाय, असं त्यांना डोळ्यांसमोर दिसायला लागलं. सुई-दोरा घेऊन ते धावत सुटले, बाईंना स्टॉपवर गाठलं आणि तिथल्याच बाकावर बसून दुसरा टाका फुकट घालून दिला.

बाईंनी त्यांचं कौतुक गावभर केलं. सकाळी दुकानासमोर ही भली मोठी रांग.

भाची हरखली. "मामा, आली की मागणी."

"आली," मामा सुईत दोरा ओवत म्हणाले. "सगळ्यांना फुकट हवंय."

मग त्यांनी पहिली बॅग पुढ्यात ओढली आणि तिलाही दुहेरीच टाका घातला.