बर्फ पडल्यावर या

आमची व्हर्ना मावशी हट्टी आहे असं गावात सगळे म्हणतात. साफ खोटं. हट्टी माणूस कधीतरी नमतं घेतो. मावशीने उभ्या जन्मात घेतलेलं नाही. लहानपणी तिला गोऱ्यांनी घरातून उचलून वसतिगृहाच्या शाळेत नेलं. तिथे ओजिब्वे, म्हणजे आम्हा मूळनिवासींची भाषा, बोलणाऱ्या पोराला कोठीत कोंडत. मावशी कोठीतल्या बटाट्यांशी ओजिब्वेत गप्पा मारत बसे. पुढे तिने मोटेलातल्या चादरी धुतल्या, पोरं वाढवली, आणि सत्तरी उलटल्यावर तिच्या मनाने घेतलं की आमच्या रीड लेक गावाला आपली शाळा हवी. खर्च सरकारचा, कारभार आपला, आणि बालवाडीपासून सगळं ओजिब्वेत, अगदी गणितसुद्धा.

जूनमध्ये अर्ज शाळा मंडळापुढे आला. सभासद पाच. दोघं बाजूने होते; विरोधात गोरा अध्यक्ष हॉगन आणि आणखी एक. उरला आमचाच रसेल, मावशीचा चुलत भाऊ. आपला माणूस म्हणून निवडून दिलेला, आणि तोच कुंपणावर बसलेला.

"ताई, पोरांचं इंग्रजी कच्चं राहिलं तर नोकरी कोण देणार? भाषेने पोट भरतं का?" तो भर सभेत म्हणाला.

"तुझं इंग्रजी पक्कं आहे ना रे? मग जन्मभर त्यांच्या शाळेची बस का चालवलीस?"

लोक खदाखदा हसले. हॉगनने टेबल वाजवलं. माणूस वाईट नाही, पण आमच्याशी बोलताना त्याचा आवाज उगाच गोड होतो. "नमुना तरी दाखवा," तो म्हणाला. "मुलं काय शिकणार ते कळू द्या. तुमच्या त्या जुन्या गोष्टींतली एखादी सांगा ना."

"आत्ता नाही," मावशी म्हणाली. "बर्फ पडल्यावर या."

हॉगनला वाटलं, म्हातारी टाळतेय. जमिनीवर बर्फ नसताना त्या गोष्टी काढायच्या नाहीत, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बेडूक-साप जागे असतात, ऐकत असतात. रसेललाही ठाऊक होतं. पण तो खाली मान घालून पेन फिरवत बसला. निर्णय नोव्हेंबरवर गेला.

गाडीत बसल्याबसल्या माझा स्फोट झाला. पहिल्या वर्गाला मावशीच शिकवणार होती. तिच्याइतकी भाषा येणारं गावात दुसरं कोणी उरलं नव्हतं, आणि तिचं हृदय कधी दगा देईल याचा नेम नव्हता.

"एक एवढीशी गोष्ट, मावशी! सांगून टाकायचीस. नोव्हेंबरपर्यंत तू राहिली नाहीस तर?"

"तर नाही राहिले. नियम मोडून शाळा मिळवली, तर त्या शाळेत शिकवू काय? बटाटे?"

उन्हाळाभर मी तिच्याशी धड बोलले नाही. तळ्यातला रानभात झोडपायला होडीत दोघी एकत्र गेलो, तेव्हाही नाही.

मावशी राहिली. नोव्हेंबरच्या सभेला बर्फ गुडघाभर होता. ती प्राणवायूची नळकांडी ओढत आली, खुर्चीत बसली आणि थेट ओजिब्वेत सुरू झाली. वक्त्याला तीन मिनिटं, असा मंडळाचा नियम. घंटा झाली. मावशी थांबली नाही. पुन्हा झाली. तिने घंटेकडे असं पाहिलं की हॉगनने ती खणात ठेवून दिली.

गोष्ट मी इथे लिहिणार नाही. आज तळं वितळलंय. एवढंच सांगते की सभागृह आमच्या माणसांनी भरलेलं होतं आणि जवळपास कुणालाच ती कळत नव्हती. मलाही निम्मीच. माझा जीव तुटत होता.

आणि मध्येच कुणीतरी हसलं. पोट धरून, एकटंच. रसेल!

आपली भाषा मी पार विसरलोय, असं आयुष्यभर सांगणारा रसेल. त्याने पटकन तोंडावर हात दाबला, पण हसू आवरेना, आणि हसता हसता डोळे वाहायला लागले. मावशीने त्याला ओजिब्वेत काहीतरी विचारलं. त्याने ओजिब्वेत उत्तर दिलं, अडखळत, लहान पोराच्या आवाजात.

"काय म्हणाली ती, रसेल?" हॉगन पुढे झुकला. "आम्हालाही सांग की."

रसेलने बाहीने नाक पुसलं. "नाही सांगणार. शाळा काढा, तिथे येऊन शिका." आणि मतदान पुकारायच्या आधीच त्याने हात वर केला.

"हात खाली घे," मावशी खेकसली. "गोष्ट संपायची आहे अजून."