अंबाडीनं डोह मारला

मंडळी, हा कागद चावडीच्या भिंतीवर मीच लावलाय. ज्याला वाचता येतं त्यानं बाकीच्यांना वाचून दाखवावा.

आज सकाळी कयाधू नदीच्या डोहात मेलेले मासे तरंगत होते. आपण सगळ्यांनी वाखासाठी अंबाडी सडायला तिथंच टाकलीय, माझ्याही पेंढ्या आहेत. पाणी काळं पडून घाण वास सुटलाय. त्या पाण्यात माशांचा जीव गुदमरला. चार-दोन मरळी तेवढ्या वर तोंड काढून हवा घेत होत्या.

लोक टोपल्या भरू लागले, तसा मारुती भोई आडवा झाला. "नेऊ नका! कालच मेलेत ते. पोटं फुगून राहिलीत."

माझी चुलती सखुबाई हसली. "तुझा धंदा बुडतो म्हणून बोलतोस व्हय रे?"

"धंदा तर बुडालाच, काकू. पावसाळ्यात झालेली पिलं बी गेली. पुढच्या साली जाळं कशात टाकू?"

चुलतीनं मासे नेले आणि रांधून खाल्ले. दुपारपासून तिला उलट्या-जुलाब लागले. हिंगोलीला न्यायला गाडी जुंपली, पण वेशीपाशीच तिनं मान टाकली.

मारुती मघापासून आमच्या ओट्यावर बसलाय.

माझ्या पेंढ्या मी आत्ताच बाहेर ओढल्या. तुमच्या अजून पाण्यातच आहेत. प्यायचं पाणी आपण त्याच डोहातून भरतो.

उद्या सकाळी चुलतीला शेवटची आंघोळ घालायची आहे. तुमीच सांगा, पाणी कुठून आणू?