बाबांच्या केबिनची बाल्कनी

नदीवरच्या क्रूझला आईवडलांना पाठवणार असाल, तर हे वाचा.

आयुष्यभर तलावात मासे धरलेले माझे बाबा सध्या आईसोबत क्रूझवर आहेत. गुडघ्यांमुळे त्यांना डेकवर चढता येत नाही, म्हणून मी बाल्कनीची केबिन घेतली.

आज सकाळी मी आमच्या करडी गावात घरी होते, तेव्हा आईचा फोन आला. "बाई, बाल्कनी कायची? सरकतं दार हाये अन् लगेच कठडा. खुर्ची ठेवाले जागा नाई."

बाबा आठवडाभर आतच कोंडले जाणार, असं वाटलं.

घाबरतच व्हिडिओ कॉल केला. बाबा दारातच खुर्ची ओढून बसले होते आणि जवळून जाणाऱ्या नावाड्याला आपल्याच बोलीत विचारत होते, "काय भेटलं गा आज?"

"बाबा, जमतंय ना?"

"जमून राहिलं ना. जाळं तेवढं आणाले पाहिजे होतं."

जीव भांड्यात पडला. मी नुसत्या फोटोवर भाळले. तुम्ही बुकिंगआधी बाल्कनीत खुर्ची मावते का, हे विचारता का?